पाड्यावरची सोलर लाईट आठ वाजताच जाते? बॅटरी बदलण्याआधी हे बघा

“भाऊ, बॅटरी गेली. नवीन टाकू का?”

आषाढ लागला की नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या फोनची सुरुवात हीच. माणूस टेकडीवर चढून, रेंजची एक काडी पकडून बोलत असतो, त्यामुळे फार प्रश्न विचारायला सवड नसते. लक्षणं दरवेळी सारखी. दिवा सातला लागतो, आठ-सव्वाआठला जातो, पॅनल, बॅटरी आणि दिवे यांना जोडणाऱ्या डबीवर लाल टिकली पेटते. दुसऱ्या दिवशी चांगलं ऊन पडलं तरी रात्री तेच. मग मोहाच्या फुलांचे किंवा मजुरीचे साठवलेले पैसे बॅटरीत जातात. नवी बॅटरी दिवाळी, होळी झकास काढते, आणि पुढच्या आषाढात त्याच टेकडीवरून तोच फोन.

माझं उत्तर आता ठरलेलं आहे. पैसे घरात ठेवा आणि उद्या पहाटे बॅटरीला मीटर लावा. बॅटरी मेलेली असेलही, पण ती कशाने मेली हे न शोधता दुसरी आणली तर तीही त्याच वाटेने जाणार. पाड्यावर दुरुस्तीला हात घालणारी पोरं, आश्रमशाळेतले सर, ज्यांच्या पिशवीत एखादा दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर असतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी घरात कोणता संच आहे ते पाहा. जुन्या सरकारी योजनेतला असेल तर ३७ वॅटचं पॅनल, ४० अँपिअर-तासाची बॅटरी आणि ९ वॅटचे दोन सीएफएल दिवे, असा बेतशीर संच असतो. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या, घरोघरी वीज पोचवण्याच्या सौभाग्य योजनेतला असेल तर २०० ते ३०० वॅटचं पॅनल, पाच एलईडी, एक डीसी (थेट बॅटरीवर चालणारा) पंखा आणि एक डीसी प्लग. तिसरा प्रकार म्हणजे बाजारातून तुकड्या-तुकड्याने जमवलेला, ज्यात पॅनल एका पाहुण्याचं आणि बॅटरी ट्रॅक्टरची. जुन्या संचांत बहुधा शिशाची बॅटरी सापडते, नवीन संचांत लिथियमचा डबा. गडचिरोलीतल्या भामरागडच्या माडिया पाड्यावर गेलात तरी तपासणी हीच. फक्त नर्मदाकाठच्या होडीऐवजी पायवाट.

दिवा जातो तेव्हा डबी काय करत असते

डबी म्हणजे चार्ज कंट्रोलर. बॅटरीचा व्होल्टेज ११ ते ११.५ च्या दरम्यान कुठेतरी उतरला की ती दिव्यांची लाईन तोडते. लोकांना वाटतं डबी बिघडली, पण ती तिचं काम करत असते. शिशाची बॅटरी तळापर्यंत पिळून तशीच ठेवली तर आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर धरतो आणि मग ती चार्ज घेईनाशी होते. डबी तेवढं टाळते.

गोंधळ होतो तो पुन्हा लाईन जोडताना. बऱ्याच डब्या साधारण १२.६ व्होल्ट दिसले की दिवे परत जोडतात. दुपारी पॅनल जोर लावत असतं तेव्हा अर्धी रिकामी बॅटरीसुद्धा १३ च्या वर दाखवते. डबी खूश होऊन लाईन जोडते. सूर्य मावळला, दोन दिवे आणि पंखा लागला, की तो फुगवटा तासाभरात ओसरतो आणि लाल टिकली परत येते. सकाळी नुसता चहा पिऊन मोळीला निघालेल्या माणसासारखं हे. पहिल्या चढापर्यंत तरतरी, मग बसकण. म्हणून दुपारी मीटर लावून “तेरा दाखवतंय, बॅटरी चांगली आहे” असं कुणी म्हटलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

खरा आकडा पहाटेचा. रात्री दिवे बंद झाल्यावर बॅटरी चार-पाच तास निवांत पडू द्या आणि उजाडण्याआधी मोजा. शिशाच्या बॅटरीत १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. असं सलग तीन पहाटे मोजायचं आणि या तीन दिवसांत घरात एकच दिवा, तोही तासभर, लावायचा. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या रात्री आजीबाई तुमच्या नावाने बोटं मोडतील. आकडा ११.९, १२.३, १२.५ असा चढत गेला तर बॅटरीला बोल लावू नका. खर्च जास्त आहे किंवा कमाई कमी. जागचा हलला नाही तर एकतर पॅनलचा चार्ज पोचतच नाही किंवा बॅटरी धरून ठेवत नाही. कुठे पाहायचं ते या तीन आकड्यांवरून ठरतं.

इथे माझी एक फजिती सांगतो. करंट मोजून झाल्यावर लाल वायर मीटरच्या १० अँपिअरच्या भोकातच राहिली आणि मी तसाच बॅटरीचा व्होल्टेज बघायला गेलो. ठिणगी, वास, आणि मीटरच्या सुईचं टोक वितळलेलं. सगळा पाडा बघत होता. तेव्हापासून बॅटरीला हात लावण्याआधी मीटरची भोकं दोनदा पाहतो.

‘डायरेक्ट’ शोधा

बॅटरीच्या दोन टोकांवरून फक्त दोन वायरी निघाल्या पाहिजेत आणि त्या डबीकडे गेल्या पाहिजेत. तिसरी-चौथी दिसली की समजा कुणीतरी ‘डायरेक्ट मारलंय’. तिचा शेवट मोबाईलच्या चार्जरवर, छोट्या इन्व्हर्टरवर नाहीतर स्पीकरवर होतो. होळीच्या दिवसांत, अक्कलकुव्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीला निघायच्या आधी, गाणी वाजवायला ही वायर हमखास निघते आणि नंतर तशीच राहते. या वाटेने घेतलेली वीज डबीला दिसत नाही, त्यामुळे ती कधी तोडतही नाही. बॅटरी १० व्होल्टच्याही खाली जाते आणि रात्रभर तशीच पडून राहते. अशा थोड्याच रात्री नवीन बॅटरीचं आयुष्य खाऊन टाकतात.

“डायरेक्ट केलंय का?” असं विचारलंत तर उत्तर “नाही” येणार. “पाहुणे आले की मोबाईल कुठे लावता?” असं विचारा, मग दादा स्वतःच कोपरा दाखवतो. आणि रागावू नका. डबी आठला लाईट तोडते, पोरीचा अभ्यास राहिलेला असतो, मग बाप वायर जोडतो. वीज कमी पडते म्हणून डायरेक्ट, आणि डायरेक्टमुळे ती आणखी कमी. नुसती वायर कापून निघून आलात तर दोन दिवसांत दुसरी लागलेली असते. डबीच्या लोडच्या टोकांवर बारा व्होल्टवर चालणारं यूएसबी सॉकेट बसवून द्या आणि मोबाईल दुपारी अकरा ते तीन या वेळात लावायला सांगा, कारण तेव्हा पॅनल तसंही देत असतं.

लगे हात घरच्यांसमोर बसून हिशेब मांडा. ३७ वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात, सगळी गळती धरून, दिवसाला ११० ते १२० वॅट-तास देतं. ९ वॅटचे दोन सीएफएल चार तास म्हणजे ७२. उरलं ते मोबाईलला. इथवर जमतं. आता कुणीतरी बाजारातून २० वॅटचा पंखा आणला आणि तो रात्री आठ तास चालवला, तर एकटा पंखाच १६० मागतो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आभाळ दाटलेल्या दिवशी कमाई तिसऱ्या हिश्शावर, म्हणजे चाळीसच्या आसपास येते. पण सीएफएल काढून ५ वॅटचे दोन एलईडी लावले तर चार तासांचा खर्चही चाळीसच. म्हणजे कित्येक घरांत बॅटरीऐवजी दोन बल्ब बदलले असते तरी भागलं असतं. बल्ब १२ व्होल्ट डीसीचे घ्या. दुकानदार तारेवरून येणाऱ्या २३० व्होल्टच्या विजेवरचे हातात देतो, ते इथे पेटत नाहीत.

सावली, आणि सागाची गोष्ट

यावर थोडं रेंगाळतो, कारण माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा हेच कारण निघालेलं आहे आणि सगळ्यात कमी वेळा कुणाच्या लक्षात येतं.

नर्मदाकाठच्या एका घरी दोन वर्षांत दोन बॅटऱ्या गेल्या होत्या. मी पहिल्यांदा गेलो तो मे महिना. पॅनल स्वच्छ, दिवसभर ऊन, मीटरवर सगळे आकडे ठीक. वायरी घट्ट केल्या आणि परत आलो. श्रावणात पुन्हा बोलावणं. अंगणात पाऊल टाकलं आणि कपाळावर हात मारला. मे महिन्यात नागवे उभे असलेले दोन साग आता सुपाएवढ्या पानांनी भरले होते आणि सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत पॅनलचा डावा कोपरा त्यांच्या सावलीत होता. संच बसवणारी माणसं येतात ती रस्ता कोरडा असताना, म्हणजे साग उघडा असताना. त्यांना तिथे झाड दिसतं, सावली दिसत नाही. ती येते पावसाळ्यात, जेव्हा ऊन आधीच कमी असतं.

कोपराच तर झाकला, बाकी पॅनल उघडं आहे की, असं वाटतं. पण साध्या १२ व्होल्टच्या पॅनलमध्ये ३६ सेल एकामागे एक जोडलेले असतात. एक सेल झाकला तर सगळ्या माळेतून त्याच्याएवढाच करंट वाहतो; पाटाच्या पाण्याला एका जागी बोळा लागल्यासारखं. पॅनलच्या मागच्या डब्यातले डायोड झाकलेल्या सेलना वळसा देऊन थोडा बचाव करतात, पण छोट्या पॅनलमध्ये त्यांच्याने बॅटरी भरण्याइतकी वीज उरत नाही. तुमची शंका खरी का ते पाहायचं असेल तर दुपारी हाताचा पंजा एका सेलवर धरा आणि करंट किती पडतो ते घरच्यांना दाखवा. दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा हे पटतं.

झाड तोडायच्या फंदात पडू नका. सागाला हात लावायचा तर परवानगी लागते, आणि पॅनल हलवणं तसंही सोपं. खांब दहा पावलं सरकवा, पण ऊन कुठे येतं ते पावसाळ्यात पाहून. तोंड दक्षिणेला, उतार वीस-पंचवीस अंशांचा. दिशा कळत नसेल तर आपल्या भागात दुपारी साडेबाराच्या सुमारास सरळ काठी रोवा. सावली पडते ती उत्तर, पॅनलचं तोंड तिच्या उलट. जूनमध्ये मात्र ही युक्ती चालत नाही, सूर्य डोक्यावर असतो आणि सावली पायाखाली.

वेलींकडेही बघा. ज्येष्ठात भिंतीकडेला गिलकं, वाल किंवा भोपळा लावतात आणि पॅनलचा लोखंडी खांब वेलाला आयताच सापडतो. श्रावणात पॅनलवर भोपळ्याचं फूल पाहिलंय मी. मावशींना वेल उपटायला लावू नका, शेजारी बांबू रोवून द्या.

चुलीचा धूर कौलांतून बाहेर पडतो आणि छपरावर त्याच जागी पॅनल असेल तर काचेवर चिकट काजळी बसते, ती पावसाने जात नाही. सकाळी काच थंड असताना साधं पाणी आणि सुती फडकं. राख नको. भांड्यांसारखी राखेने घासलेली पॅनलं मी पाहिली आहेत, काच कायमची धूसर झालेली.

वायरी

पॅनल हलवलं की वायर लांबते, आणि लांबवताना घरात असेल ती जोडली जाते. ७५ वॅटचं पॅनल सव्वाचार अँपिअर देतं असं धरा. पंधरा मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन तीस मीटर, दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने केलं तर वाटेतच दीड व्होल्ट जातो. चार चौरस मिलिमीटरच्या वायरने अर्ध्या व्होल्टच्या थोडा वर. दीड व्होल्टने काय होतं? उन्हाने तापलेल्या पॅनलचा काम करतानाचा व्होल्टेज साडेसतरावरून पंधराच्या आसपास उतरलेला असतो आणि शिशाच्या बॅटरीला पूर्ण भरायला १४.४ लागतात. दीड वजा केला की ती कधीच पोटभर होत नाही.

तपासायला सोपं आहे. भर दुपारी, चार्जिंग चालू असताना, एकदा पॅनलच्या मागच्या डब्यात आणि एकदा डबीच्या टोकांवर मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर वायर बारीक आहे किंवा मध्ये सांधा कुजलाय. नुसता पीळ मारून टेप गुंडाळलेले सांधे पहिल्याच पावसाळ्यात काळे पडतात. डबी आणि बॅटरीमधली वायर तर हातभरापेक्षा लांब नकोच. तिथे नुकसान झालं की बॅटरी भरली असा डबीचा समज होतो आणि ती आधीच हात आखडते. टोकांवर पांढरी-निळी भुकटी साचली असेल तर बॅटरीची झाकणं बंद ठेवून, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पुसा, घट्ट करा आणि वरून व्हॅसलीन लावा. उंदरांनी कुरतडलेली वायर आणि डबीत घर केलेल्या मुंग्या हे तर रोजचंच.

वायरी काढल्या असतील तर परत जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल, शेवटी दिवे. काढताना याच्या उलट. आधी पॅनल जोडलं तर काही डब्या संच २४ व्होल्टचा समजतात आणि मग बल्बची वाट लागते.

पाणी, आणि शेवटी बॅटरी

झाकणं उघडी करता येणारी बॅटरी असेल तर आत पाणी बघा. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील इतकंच घाला, चार्ज करा आणि मग खुणेपर्यंत भरा. पाणी डिस्टिल्डच. झऱ्याचं कितीही गोड असलं तरी त्यातले क्षार बॅटरीला नकोत. अगदीच अडलं तर कौलांवरून न येता थेट आभाळातून स्वच्छ प्लास्टिकच्या भांड्यात धरलेलं पावसाचं पाणी चालून जातं. ॲसिड कधीही वरून घालू नका; बाजारात “थोडं ॲसिड मारून देतो” म्हणणारे भेटतात, त्यांना नमस्कार करून पुढे जा. बॅटरी चुलीपासून लांब, वारा खेळेल अशा जागी ठेवा. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, आणि पाड्यावरची निम्मी घरं तिला उबेला चुलीच्या कोपऱ्यात ठेवतात!

इतकं करूनही तीन पहाटेंचा आकडा हलला नाही, तर बॅटरी गावातल्या लाईटवर पूर्ण भरून बघा. होडीतून नेताना ती उभीच राहील आणि तिच्या टोकांवर काही पडणार नाही असं बांधा. ४० अँपिअर-तासाच्या बॅटरीला ४ अँपिअरचा चार्जर रात्रभर पुरतो. त्यानंतर चार-पाच तास थांबून मोजा. १०.५ च्या आसपासच अडकली तर सहा कप्प्यांपैकी एक गेला आहे, तिला निरोप द्या. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) असेल तर भरलेल्या ट्यूब्युलर (नळीदार पट्ट्यांच्या) बॅटरीचे सगळे कप्पे १.२४० च्या जवळ असावेत, एखादाच १.१८० वर रेंगाळत असेल तरी अर्थ तोच.

व्होल्टेज ठीक दिसला तरी गाडीच्या हेडलाईटचा ५५ वॅटचा बल्ब तासभर लावा. चांगली बॅटरी तासानंतरही १२ च्या वर असते. वीस-पंचवीस मिनिटांतच ११.५ च्या खाली घसरली तर आता नवीन आणायला माझी हरकत नाही. जुनी भंगारात देताना आतलं ॲसिड नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू देऊ नका. नवीन देणाऱ्या दुकानदारालाच जुनी द्या, तो तिचे पैसेही वळते करून घेतो.

लिथियमच्या डब्याला वरचे आकडे लावू नका. तो जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपास दाखवतो आणि मग एकदम शून्य. शून्य दिसलं म्हणजे मेला असं नाही. आतल्या संरक्षक सर्किटने दार लावून घेतलेलं असतं. डबीला समोर बॅटरीच दिसत नाही म्हणून ती चार्ज देत नाही, आणि चार्ज मिळत नाही म्हणून दार उघडत नाही. लिथियमच्या चार्जरवर काही मिनिटं लावला की बरेचदा जागा होतो. एक मात्र बघा: शिशाच्या जागी लिथियम लावली असेल, किंवा उलट, तर डबीवरची बॅटरीच्या प्रकाराची सेटिंग बदलली आहे का? नवीन बॅटरी वर्षभरात जाते त्यातल्या काही घरांत हे एक बटण कुणी दाबलेलंच नव्हतं.

सौभाग्यच्या संचांना पाच वर्षांची दुरुस्ती योजनेतच होती. २०१८-१९ मध्ये बसलेल्यांची मुदत संपली. संच नवा असेल तर खिशातून खर्च करण्याआधी पॅनल-बॅटरीवरचे नंबर आणि बसवल्याची तारीख ग्रामपंचायतीतून काढून घ्या. कागदी लेबल धुराने दोन वर्षांत वाचता येईनासं होतं. मी आता ते सगळं ऑइलपेंटने दाराच्या आतल्या बाजूला लिहितो, आणि त्याखाली पहाटेच्या आकड्यांसाठी जागा सोडतो. त्या श्रावणातल्या घरी खांब गोठ्याच्या पलीकडे नेला, बल्ब बदलले आणि जुनीच बॅटरी धडगावला नेऊन भरून आणली. दारावर शेवटचा आकडा पोरीने खडूने लिहिलाय, १२.६. खाली तिच्याच अक्षरात, “पाणी घातले”.